काठापर्यंत नेलेली रेघ

आमच्या ताईला कुणी बिचारी म्हटलं की ती खवळते. डोळ्यांनी दिसत नाही एवढंच; जीभ चांगली धारदार आहे. कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांना हे ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "परीक्षेतला आकृतीचा प्रश्न तुला माफ. बाकीच्या उत्तरांवरून सरासरी गुण देऊन टाकू." वर हसत हसत हेही सांगितलं, की प्रश्न माफ करून घेतला की पुढच्या वर्षी रसायनशास्त्र मिळत नाही.

"माफी गुन्हेगाराला द्या, सर," ताई म्हणाली. "मी काय केलंय?"

त्यांचं ते हसणं आजही माझ्या डोक्यात जातं.

प्रश्न होता पाण्याच्या अवस्थांच्या आलेखाचा. आडवं तापमान, उभा दाब, आणि तीन रेघांनी वाटून घेतलेली तीन घरं: बर्फ, पाणी, वाफ. पुस्तक मी वाचून दाखवायची, पण रेघ कशी वाचून दाखवणार? ते काम आईने अंगावर घेतलं. आई शिवणकाम करते. कापडावर खुणा उमटवायचं दातेरी चाक तिने जाड कागदावर फिरवलं आणि मागच्या बाजूला ठिपके उठले. कागद उलटला की डावं-उजवं बदलणार, म्हणून तिने सगळं आधीच उलटं काढलं होतं. उलट-सुलट तिला कोण शिकवणार!

ताईचं बोट ठिपक्यांवरून निघालं. "हे बर्फाचं घर. दाब अगदी कमी ठेवला आणि तापवत गेले, तर..." बोट उजवीकडे सरकलं, रेघ ओलांडून गेलं. "पाण्याच्या घरात पाय न ठेवता थेट वाफ!" तिन्ही रेघा मिळतात तो बिंदू सापडल्यावर तिने आईचा हात ओढून त्यावर ठेवला. "इथे तिघंही एकत्र नांदतात."

"आपल्या घरात तेवढं जमत नाही," आई म्हणाली.

परीक्षेला ताई चाक घेऊनच गेली. परीक्षक बाई बाहेरून आल्या होत्या. "तिला माफ आहे," असं विभागप्रमुखांनी सांगताच त्या म्हणाल्या, "तिला काढायचंय ना? काढू दे." मी आणि आई दाराशी, जीव मुठीत धरून.

ताईने रेघा काढल्या, कागद उलटला, एकेक घर समजावलं. सगळं बरोबर. मग बाईंनी पाणी आणि वाफ यांच्यामधल्या रेघेबद्दल विचारलं. "ही कुठे संपते?"

"क्रांतिक बिंदूपाशी. म्हणजे इथे, कागदाच्या काठाला."

"चूक. ती अलीकडेच संपते, मोकळ्या जागेत. त्यापुढे पाणी वेगळं आणि वाफ वेगळी असं राहतच नाही. दहापैकी आठ."

"अहो, देऊन टाका की दोन," विभागप्रमुख कळवळले. "बिचारी..."

"माझ्या त्या दोन गुणांना हात लावायचा नाही, सर!" ताई कडाडली. "कापलेत ते कापलेलेच राहतील."

बाहेर आल्यावर आई रडवेली झाली. "माझ्यामुळे गेले गं. पुस्तकात रेघ मधेच थांबली होती. मला वाटलं, छापायची राहिली. शिवण अशी अर्धवट सोडतं का कुणी? म्हणून मीच नेली काठापर्यंत."

ताई एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती. तिने आईचा खांदा धरला. "आई, आजवर सगळ्यांनी मला गुण दिलेच. कापले आज पहिल्यांदा. चल घरी, आणि ती रेघ उसव. पुढच्या वर्षी लागणार आहे मला."