झुंबरबाईच्या पातेल्याची कल्हई

झुंबरबाईला बसलेली पाहिलंय असं धरणगावच्या त्या गल्लीत कुणी म्हणालं असतं, तर त्याला लोकांनी वेड्यातच काढलं असतं. लेक वच्छला सासरी गेली तेव्हापासून तर बाईच्या हातांना चैनच नव्हती. आज जमीन सारव, उद्या चुलीला पोतेरं दे, परवा सगळी उतरंड उतरव, पूस, पुन्हा चढव. नवरा सुकदेव म्हणायचा, "अवं, भांडं शे ते, त्यानं कातडं नको सोलू!" बाई ऐकेल तर ना!

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगावच्या लेकी माहेरी येऊन झोके घेतात; पण झुंबरबाईच्या दोन अखाज्या लेकीविना गेल्या होत्या. व्याही तोतारामनानांचं एकच पालुपद, घरात कामाला माणूस नाही. चौतीस सालची अखाजी तोंडावर आली तेव्हा नाना बाजाराच्या कामानं धरणगावला यायचे होते. सुनेला बरोबर आणणार, पण सांजच्या आगगाडीनं दोघं परत! गावच्या साऱ्या लेकी झोक्यावर आणि आपली तेवढी गाडीत? झुंबरबाईचा जीव तीळतीळ तुटला. नानांना असं जेवू घालायचं की त्यांच्या तोंडून 'राहू द्या' निघालंच पाहिजे, एवढा एकच ध्यास तिनं घेतला. त्या तळमळीत कढीचं पितळी पातेलं बाहेरून चिंचेनं घासलं, ते ठीक. पण आतूनही विटेच्या भुग्यानं खसाखसा घासलं.

नाना वच्छलाला घेऊन आले आणि दुपारी पाटावर बसले. वच्छलानं सकाळच्या कढीत पळी घातली आणि हळूच म्हणाली, "माय वं, कढी हिरवी पडनी."

झुंबरबाईनं धावत येऊन पातेलं तिरकं केलं, तर आत नुसतं पिवळं पितळ! दिवाळीपासून कल्हईवाला फिरकला नव्हता, आणि उरलीसुरली कल्हई हिनंच खरवडून काढली होती. आंबट कढी कळकली होती. वाढावी तर व्याह्याच्या जिवाशी खेळ, न वाढावी तर अब्रू गेली. तिनं पातेलं उचललं आणि नानांच्या देखत परसात ओतलं.

"नाना, मीच घासी घासी कल्हई काढी टाकी. पोर गयी तवापासून या हातांले जागाच नही." एवढं बोलून ती ढसाढसा रडली.

नानांनी ठेच्याशी भाकर खाल्ली. हात धुताना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पोरले. नहीतं तुम्ही भिंती बी घासी काढशात. पातेल्याले कल्हई झायी, का पोरले धाडी द्या."

नाना एकटेच गाडीला गेले.

सकाळी वच्छला मैत्रिणींबरोबर झोका बांधायला गेली, आणि गल्लीच्या तोंडाशी हाक आली, "कल्हईऽऽ! भांड्यांना कल्हईऽऽ!"

मेला! इतके महिने वाट पाहिली तेव्हा फिरकला नाही, आणि आजच उगवला! भाता खांद्यावर टाकून तो दाराशी येऊन ठेपलासुद्धा. पातेलं उंबऱ्यापाशीच होतं. झुंबरबाईनं ते झटकन पालथं घातलं, त्यावर बसली आणि लुगडं चहूकडून पसरलं.

"नही रे भाऊ, आमना घर काहीच नही. पुढे जाय."

समोरची शेवंताबाई धुणं टाकून धावत आली. "झुंबरबाई, बसनी का वं तू? आजारी शे का?"

"नही वं. बरी शे."

आणि कल्हईवाल्याची हाक गावाबाहेर विरेपर्यंत बाई जागची हलली नाही.