रिपोर्टावरचा लाल शेरा

आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी इतक्या वेळा बोलले आहे की लोक ते माझं आडनाव समजायला लागलेत. आजोबा कापड रंगवायचे, वडील छापायचे, भाऊ मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या गाळ्यात स्क्रीन प्रिंटिंग करतो. लग्नात वाटायच्या पिशव्या, शाळांचे टी-शर्ट, देवळांचे बॅनर असली कामं. मी बी.कॉम. आणि आता एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. लपवण्यासारखं जे आहे ते पुढे येईलच.

घरात एक बी.कॉम. आलं की लोक तिच्याकडून काय वाटेल ते वाचून घेतात. हिनकलच्या आमच्या गल्लीत कुणाचं लाइट बिल, कुणाचा रेशनचा अर्ज, कुणाची शाळेची नोटीस, सगळं आमच्या ओट्यावर यायचं. हळूहळू रक्ताचे रिपोर्टही यायला लागले. नको कशाला म्हणू? रिपोर्टात असतं काय, एक आकडा, त्याच्यापुढे कंसात हद्द, आणि आकडा हद्दीबाहेर गेला की शेजारी H नाहीतर L. H म्हणजे जास्त, L म्हणजे कमी. एवढ्यासाठी डॉक्टरांच्या दारात टोकन घेऊन बसणाऱ्या लोकांची मला कीव यायची. साखरेपुढे H दिसला की मी लाल पेनानं शेरा मारायची, ‘साखर बंद’. हिमोग्लोबिनपुढे L दिसला की ‘पालेभाजी खा’. खाली सही. सहीपुढे बी.कॉम. आणि माझं नेहमी बरोबर यायचं, तिथंच सगळा घोळ झाला.

आईला थायरॉइडचा त्रास निघाला तेव्हा गोकुलमच्या, म्हणजे परदेशी लोक योग शिकायला येऊन राहतात त्या भागातल्या, एका डॉक्टरीणबाईंनी तिला पंचाहत्तर मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. रोज सकाळी एक, उपाशीपोटी. सहा आठवड्यांनी रक्त तपासा आणि रिपोर्ट घेऊन या, असं सांगितलं. रक्त तपासलं. रिपोर्ट मोबाईलवर आला, मी तो ऑफिसात प्रिंट करून घरी आणला. टीएसएच नऊ पॉइंट आठ, हद्द साडेचारच्या आसपास, शेजारी ठळक H.

“काय म्हणतो गं कागद?” आईनं विचारलं.

“थायरॉइड वाढलाय. गोळी जास्त होतेय तुला.”

“मग डॉक्टरीणबाईकडे जायचं?”

“कशाला? तिथं त्या योगावाल्या परदेशी लोकांमध्ये दोन तास बसायचं आणि ती पण हेच सांगणार. सुम्ने वेळ जातो.”

सुम्ने म्हणजे उगीचच. मैसूरच्या मराठीला हा शब्द मिठासारखा लागतो. मी लाल पेन काढला आणि लिहिलं, ‘थायरॉइड वाढला आहे. डोस कमी करावा.’ सही, बी.कॉम. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला सांगितलं, पंचाहत्तरऐवजी पन्नासची डबी द्या. त्यानं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही. मी इतक्या ठसक्यानं बोलले की त्याला मीच चिठ्ठी वाटले असेन. आईनं डबी हातात घेतली आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “आमच्या पोरीनं बघितलंय.”

इथं आईबद्दल सांगायला हवं. आमच्या गाळ्यात रंग आई कालवते. भावाकडे शेडकार्ड आहे, वजनकाटा आहे, मोबाईलमध्ये रंग ओळखणारं काहीतरी आहे. गिऱ्हाईक मात्र जुन्या साडीचा तुकडा आणतं आणि म्हणतं, हाच रंग हवा. मग आई तुकडा उजेडात धरते, डबे उघडते, चमच्यानं अंदाजानं घेते, बोटाचा ठिपका कापडावर उमटवून वाळवते आणि म्हणते, “घे.” तो तोच असतो. शाळेत ती चौथीपर्यंत गेली. मी तिच्या मापांची एकदा वही केली होती, कॉलेजात शिकलेल्या पद्धतीनं, रकाने आखून. त्या वहीवरून एकही रंग जुळला नाही. आई म्हणाली, “वही छान आहे.”

पन्नासची गोळी सुरू झाली आणि आई मंदावत गेली. हे आज लिहिते तेवढं सरळ तेव्हा दिसत नव्हतं, कारण दिसलेल्या प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे शिकलेलं उत्तर तयार होतं. एप्रिलच्या उन्हात ती स्वेटर घालायला लागली. मी म्हटलं, वय. आवाज जड झाला. धूळ. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा मी म्हटलं, तब्येत सुधारली. फणीत केसांचा गुंता निघायला लागला. त्याचा दोष बोअरच्या पाण्याला दिला. दुपारी गाळ्यात ती स्टुलावर बसल्याबसल्या झोपायची, त्यावर तर मी भाषण दिलं की रात्री मोबाईलवर सीरियल बघू नकोस. बिचारीनं सीरियल बंद केली. मी डॉक्टरांकडची एक खेप वाचवली होती आणि डॉक्टरांच्या जागी स्वतः रोज बसत होते.

मग त्या पिशव्या आल्या. एका लग्नाच्या ऑर्डरीच्या, मुलीच्या आईच्या शालूचा रंग हवा होता, पिकलेल्या जांभळासारखा. आईनं कालवला, ठिपका दिला, “घे” म्हणाली. भावानं छापून वाळत टाकल्या. संध्याकाळी त्यानं मला फोन केला.

“येऊन बघ.”

“काय झालं?”

“तू ये गं आधी.”

दोरीवर ओळीनं लटकलेल्या पिशव्या वांग्याच्या भरतासारख्या दिसत होत्या, तेही कालच्या. शालूचा तुकडा शेजारीच टाचून ठेवला होता. आई तुकड्याकडे बघत होती, पिशव्यांकडे बघत होती, आणि तिला फरक कळत नव्हता.

“तोच आहे की,” ती हळू म्हणाली. “अल्वा?”

नाही का, असं ती आम्हाला विचारत होती. आईनं रंगाबद्दल कुणाला विचारलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. दोघं मिळून आम्ही पिशव्या उतरवल्या. आमचं घर इतकी वर्षं ज्या नजरेवर चाललं ती विझत चालली होती, आणि माझ्याकडे तिचं कारण म्हणून सांगायला काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. टीएसएच एकतीस. H तोच, पण आता तो माझ्याकडे बोट दाखवल्यासारखा दिसत होता. डोस कमी केल्यावर आकडा उतरायला हवा होता, तो तिप्पट झाला. वजाबाकीचं उत्तर बेरजेपेक्षा मोठं आलं की बी.कॉम.लाही संशय येतो.

गोकुलमला गेलो. बाहेर बाकावर चटया गुंडाळून घेतलेले दोन परदेशी, मध्ये स्वेटर घातलेली माझी आई. आत डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले. त्या कन्नडमध्ये बोलत होत्या, आई कन्नडमध्येच उत्तर देत होती.

“अम्मा, पंचाहत्तरची गोळी दिली होती ना मी? ही तर पन्नासची डबी आहे. कुणी बदलली?”

आईनं क्षणाचाही वेळ घेतला नाही. “मीच. चुकून. दुकानात मीच सांगितलं, डोकं चालत नाही हो हल्ली.”

डॉक्टरीणबाईंनी जुना रिपोर्ट उचलला, चष्मा वर केला आणि लाल शेरा वाचला. मग सही वाचली.

“अम्मा, तुम्ही बी.कॉम. कधी झालात?”

आई माझ्याकडे न बघता टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होती. तिला खोटं पुढे न्यायचं होतं, पण पुरावा लाल शाईत होता.

“मी बदलली,” मी म्हटलं. “H दिसला म्हणून.”

“असं होय.” त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. “हा आकडा थायरॉइडचा नाही. मेंदूच्या खाली एक ग्रंथी असते, तिनं थायरॉइडला दिलेली हाक आहे ही. तुमच्या गाळ्यात कामगार काम करत नसला तर तुमचा भाऊ काय करतो?”

“ओरडतो.”

“काम जितकं कमी, ओरडणं तितकं मोठं. टीएसएच म्हणजे ते ओरडणं. ते वाढलं याचा अर्थ अम्मांच्या अंगात हॉर्मोन कमी पडतंय. आणि तुम्ही ते आणखी कमी केलंत. वर सही केलीत.”

सही केली नसती तर थोडं बरं झालं असतं, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटलं.

“पण तेव्हा ती पंचाहत्तर घेतच होती ना?” मी विचारलं. हरलेल्या माणसाला एक तरी मुद्दा लागतो. “मग नऊ पॉइंट आठ कशाला आलं?”

“तेच विचारायला मी बोलावलं होतं तुम्हाला,” त्या म्हणाल्या आणि आईकडे वळल्या. “अम्मा, गोळी कशी घेता?”

“उपाशीपोटी. पोरीनं सांगितलंय तसं. अगदी काही खात नाही.”

“पाण्याबरोबर?”

आईला प्रश्नच कळला नाही. “कॉफीबरोबर,” ती म्हणाली. “पोट रिकामंच असतं हो. नुसती कॉफी.”

आता हे कुणाला सांगून पटेल? आमच्या घरात कॉफी खाण्यात धरत नाहीत, पिण्यातही धरत नाहीत. एकादशीला पाणीसुद्धा न घेणारी आमची आजी कॉफी घ्यायची. उपाशीपोटी रक्त द्यायला आई फिल्टरची पेलाभर कॉफी पिऊन जाते आणि तिथल्या मुलीला छातीठोकपणे सांगते, काही घेतलं नाही. मी स्वतः रोज सकाळी तिच्या समोर बसून, तीच कॉफी पीत, विचारत होते, “उपाशीपोटी घेतलीस ना गोळी?” आणि ती तोंडातली गोळी कॉफीच्या घोटाबरोबर गिळून म्हणत होती, “घेतली.” दोघींचंही खरं होतं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, यासाठी मी त्यांना आजही मानते. “कॉफीनं गोळी अंगात नीट उतरत नाही,” त्या म्हणाल्या. “उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्या. मग तासभर कॉफी नाही. कॅल्शियमची गोळी चालू आहे ना, ती दुपारच्या जेवणानंतर. पुन्हा पंचाहत्तर. सहा आठवड्यांनी रक्त, त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. आणि मधे कुणी,” इथं त्यांनी माझ्याकडे बघितलं, “हात लावायचा नाही.”

बाहेर आल्यावर मी आईला म्हटलं, “खोटं कशाला बोललीस?”

“मग काय सांगू? पोरगी शिकली आणि अडाणी निघाली?”

“निघालेच की.”

“ते घरात बोलायचं,” आई म्हणाली.

तो एक तास घरात कसा गेला ते विचारू नका. पहाटे साडेपाचला आई पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि फिल्टरसमोर खुर्ची टाकून बसायची. एकट्या तिला बसवणं बरं दिसेना म्हणून मीही कॉफी सोडली, म्हणजे तासभर. शिक्षाच समजा. आम्ही दोघी घड्याळाकडे बघत बसायचो. पंधरा मिनिटांनी ती विचारायची, “झाला?” मी म्हणायची, “नाही.” ती म्हणायची, “तुझ्या कॉलेजात तास एवढेच मोठे असायचे?”

बिघडलेल्या पिशव्या टाकवल्या नाहीत म्हणून भाऊ घरी घेऊन आला होता. भाजी त्यांतच, कपडे त्यांतच, आईची थायरॉइडची फाइलही त्यातल्याच एका पिशवीत. पाचव्या आठवड्यात, गोळीनंतरच्या त्या तासात, आईची नजर खुंटीवरच्या पिशवीवर गेली. ती उठली, पिशवी खिडकीपाशी नेली, उजेडात धरली.

“हा रंग कुणी कालवला गं?”

मी म्हटलं, “तू.”

“मी?” तिनं पिशवी उलटी केली, अंगठ्यानं घासली. “काहीतरीच. यात काळा पडलाय. जांभळात कुणी काळा घालतं? गडद करायचा तर निळ्यानं ओढायचा असतो तो.” मग पिशवीतून फाइल काढून माझ्या मांडीवर टाकली. “ही दुसऱ्या कशात तरी ठेव. माझ्या नावाखाली असला रंग नको.”

घड्याळात अजून वीस मिनिटं होती. आईच्या अंगावर स्वेटर नव्हता, आणि तो कधी उतरला हे मला, सगळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या मला, सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. टीएसएच सहा पॉइंट दोन. हद्दीत नाही, H अजून शेजारी उभाच. माझा हात सवयीनं पेनाकडे गेला, हे कबूल करते. मग मी टोकन घेतलं आणि चटयावाल्यांच्या मधे दोन तास बसले. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, आईचा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, “उतरतंय. डोस हाच. सहा आठवड्यांनी पुन्हा.” एवढंच. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

परवा गल्लीतली एक अक्का आपला रिपोर्ट घेऊन ओट्यावर आली. टीएसएच आणि H. मी म्हटलं, “अक्का, हा कागद घेऊन डॉक्टरकडे जा. मी वाचणार नाही.”

“अय्यो, मग तुझं कॉलेज कशाला?”

तेवढ्यात आई आतून रंगाचे हात पुसत आली. तिनं अक्काच्या हातातला कागद घेतला नाही, नुसता तिला पाट दिला बसायला आणि विचारलं, “सकाळी गोळी कशाबरोबर घेतेस गं तू?”

अक्का म्हणाली, “उपाशीपोटीच की. नुसती कॉफी.”