लेथमास्तरांचा संमतीचा तास

समुपदेशक बाईंनी आयटीआयमधल्या लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रांच्या, वर्कशॉपमध्ये पहिलं पाऊल टाकलं तेव्हा बाराच्या बारा यंत्रं एकदम बंद पडली, छपरावरची कबुतरं उडाली आणि लेथमास्तरांच्या मिशा तारेसारख्या ताठ झाल्या, असं पाहणारे अजून छातीठोकपणे सांगतात. बाई दिसायला साध्या होत्या. त्यांचं वाक्य मात्र साधं नव्हतं.

"मास्तर, सोमवारपासून तुम्ही मुलांना लैंगिक संमतीबद्दल शिकवायचं आहे."

तीस वर्षं लोखंड सोलणाऱ्या या माणसाने समोरचं टेबल असं काही धरलं, की तो हात सोडवायला म्हणे दोन शिपाई लागले.

"बाई, मी फार तर आटे पाडायला शिकवतो. हॉलमध्ये भाषण ठेवा की!"

"ठेवलं होतं. शंभर जणांनी पंख्याखाली छान झोप काढली. आता ज्याने त्याने आपल्या विभागात शिकवायचं. प्राचार्यांनी महिना दिलाय. नाही जमलं तर पुन्हा हॉल, पुन्हा पंखे." मग त्या हळूच म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुमच्या वर्गातली एक मुलगी मध्येच कोर्स सोडून गेली. का, ते कुणी विचारलं?"

मास्तरांनी विचारलं नव्हतं. अख्ख्या वर्गात त्या मुलीचा हात सगळ्यांत स्थिर होता. त्यांनी मुकाट्याने बाईंच्या हातातला धड्याचा कागद घेतला.

घरी बायकोला हसू आवरेना. "तुम्ही शिकवणार? अहो, लग्नात फोटोग्राफर 'जरा जवळ सरका' म्हणाला, तर पाणी पिऊन येतो म्हणून पळालात तुम्ही!"

सोमवारी मास्तरांनी फळ्याकडे तोंड करून कागद वाचला. 'लैंगिक' शब्द आला की त्यांना खोकला यायचा. अकरा वेळा आला. "सर, डॉक्टरांना दाखवा," कुणीतरी कळवळून म्हणालं. पुढचे दोन सोमवारही खोकण्यातच गेले. चौथ्या सोमवारी प्राचार्य स्वतः येऊन मागच्या स्टुलावर बसले.

त्या दिवशी मोठ्या लेथवर काम होतं. तिथे दोघं लागतात: एक जण चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या फिरत्या जबड्यात, चावीने लोखंड आवळतो, दुसरा स्विचपाशी उभा राहतो. स्विचवाल्याने "चालू करू?" विचारायचं आणि "कर" ऐकल्यावरच बटण दाबायचं. चकपाशी एक मुलगी लोखंड आवळत होती आणि स्विचपाशी उभ्या पठ्ठ्याने न विचारताच दाबलं. चकमध्येच राहिलेली चावी सुसाट उडाली आणि प्राचार्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर कपाटाला पोचा पाडून खाली पडली. मास्तरांनी झेप घेऊन लाल बटण दाबलं.

"विचारलंस तिला?"

"सर, ती काही बोलली नाही, म्हणून..."

"बोलली नाही म्हणजे हो झालं?"

"पण मघाशी हो म्हणाली होती."

"मघाचं मघाशी संपलं! दर वेळी नव्याने विचारायचं. घाबरून नुसती मान हलवली, तर ते हो नाही. आणि मध्येच कुणी थांब म्हणालं तर?"

"लाल बटण!" वर्ग ओरडला.

"आणि का थांबायचं, हे कधी विचारायचं?"

"आधी बटण, मग प्रश्न!"

चकपाशी उभी असलेली मुलगी कापडाला हात पुसत म्हणाली, "सर, हे फक्त लेथपुरतंच का?"

कागद खिशातच होता, पण मास्तरांना तो काढावासा वाटेना.

"नाही," ते म्हणाले. "कुणाच्या अंगाला हात लावण्यापासून थेट लैंगिक संबंधांपर्यंत हेच. लोखंड फिरवायला विचारता आणि माणसाला गृहीत धरता?"

खोकला आला नाही. प्रश्न मात्र धडाधड आले.

"सर, प्यायलेलं माणूस हो म्हणालं तर?"

"प्यायलेल्याला मी स्विचपाशी उभा करतो का?"

"आणि लग्न झालेलं असेल तर?"

"तरी विचारायचं."

जेवणाची सुट्टी संपून गेली तरी कुणी उठेना. मास्तर इतके खूश झाले, की त्यांनी त्या स्विचवाल्याच्या पाठीत आपली प्रसिद्ध थाप मारायला हात उगारला. पोरगा चटकन मागे सरला. "सर, विचारलं नाहीत."

वर्ग खदखदून हसला. मास्तरांचा हात हवेतच राहिला.

"मारू?"

"नको."

मास्तरांनी हात निमूटपणे खाली घेतला. सगळ्यांत मोठ्याने हसले ते प्राचार्य.

त्याच संध्याकाळी प्राचार्यांनी हा तास वर्कशॉपमध्ये कायमचा केला. चार महिन्यांनी मास्तर निवृत्त झाले. त्यांची जागा अजून भरलेली नाही, त्यामुळे लेथचा विभाग आणि त्याबरोबर तो कायमचा तासही सध्या बंद आहे.