हलणार नाही

बर्लिनमध्ये माझी लेक ज्या घरात खोली घेऊन राहते, ते घर एके काळी रिकामं पडलेलं असताना पंक गाणाऱ्या पोरांनी बळकावलं होतं. जिन्याच्या भिंतीवर तेव्हाची लाल अक्षरं अजून आहेत: ‘आम्ही इथून हलणार नाही.’ ती रंगवली त्यांच्यातल्याच उटानं. पुढे त्याच ओळीचं तिनं गाणंही केलं. आता ती पासष्टीची आहे. डोक्यावर हिरवा तुरा, मुक्काम पाचवा मजला.

सध्या मी लेकीकडेच आहे. परवा उटा जिन्यात बटाट्यांची पिशवी खाली ठेवून त्याच अक्षरांवर हात टेकून उभी होती.

“काय उटाबाई, क्रांती दमली?” मी विचारलं.

“क्रांती ठणठणीत आहे. गुडघे फितूर झालेत.” मग तिनं हळूच सांगितलं, “लिफ्टवाला फ्लॅट मिळतोय. सोमवारी होकार कळवायचाय. पण आता या घरात राहणाऱ्या, माझं गाणं गाणाऱ्या पोरांना कुठल्या तोंडानं सांगू?”

विशीत मीही ‘नोकरी करणार नाही’ अशी गर्जना केली होती. सुदैवानं ती भिंतीवर लिहिली नव्हती. पोलीस आले तर माणूस आतून कडी लावतो. पण आपल्याच वाक्यानं बाहेरून कडी घातली, तर ती काढायची कुणी?

रविवारी अंगणात उटा गायली. ‘त्या’ ओळीपाशी तिनं माइक गर्दीपुढे धरला आणि स्वतः तोंड मिटून घेतलं.

“हलणार नाही!” पोरं गरजली. गाणं संपताच त्यांनी तिला प्रेमानं खांद्यावर उचललं आणि नाचवत थेट पाचव्या मजल्यावर नेऊन ठेवलं.