नवव्या पानापर्यंत

पुण्याला मी एक वर्ष शिकलो आणि दोन विषयांत आपटलो. घरी आलो तेव्हा ट्रंकेत गुणपत्रिका तळाशी होती आणि तिच्यावर सीडींचा गठ्ठा. आमच्या घरात आजोबा कारकून, वडील कारकून. पोरगं नापास झालं की त्याला कुठेतरी कचेरीत चिकटवायची रीतच होती, त्याप्रमाणे मी पांढरकवड्याला टायपिंगला चिकटलो. गठ्ठा मात्र सुटला नाही.

त्या सीडींवरच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. ज्याने ऐकलं नाही त्याला एवढंच सांगतो, की गिटारी कानठळ्या बसवतात आणि त्या गोंगाटाच्या आत गणित असतं. एकेक गाणं दहा-दहा मिनिटं चालतं, ठेका मध्येच सातावर जातो, तेरावर जातो, आणि ऐकणाऱ्याने बोटं मोजत बसायचं. आई म्हणायची, डब्यात खिळे घालून कोणी हलवतंय वाटतं. तिचं अगदीच चूक नव्हतं.

आसपासच्या तालुक्यांत हे ऐकणारे आम्ही चौघं होतो, आणि त्यातले तिघं वाजवायचे. उरलेला मी, म्हणजे त्यांचा एकूण श्रोतृवर्ग. गिटार वाजवणारा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं बसस्टँडमागे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचं दुकान होतं. त्या वर्षांत भारनियमन एवढं आणि लाईन आली तरी व्होल्टेज एवढं पडलेलं, की मोटारी भाजलेल्या वांग्यासारख्या त्याच्या दारात येऊन पडत. तो दिवसभर तांब्याच्या तारेचे फेरे मोजायचा. बोलता बोलता, चहा पिता पिता मोजायचा आणि कधी चुकायचा नाही. जो माणूस गप्पा मारत एकाहत्तर फेरे मोजतो, त्याला अकरा मात्रांचं काय कौतुक? ड्रम वाजवणाऱ्याच्या काकाचं बिछायत केंद्र होतं. लग्नाच्या गाद्या-सतरंज्या ठेवायच्या गोदामात यांची प्रॅक्टिस चाले. गाद्यांमुळे आवाज बाहेर जात नसे, म्हणून गावाने सहन केलं. बास वाजवणारा मारेगावहून एस.टी.ने यायचा आणि फारसा बोलायचा नाही.

त्यांचं एक गाणं होतं. नऊ मिनिटांचं, शब्द नसलेलं. त्याच्या मध्यावर गिटार अकरा मात्रांत फिरते आणि ड्रम चारात. दोघं एकमेकांपासून लांब लांब जातात, वाटतं आता फाटलं, आणि चव्वेचाळीस मात्रा भरल्या की दोघं एकदम एका जागी येऊन उभे राहतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गादीवरून उठून उभा राहिलो होतो. एका छत्तीस खाचांच्या किचकट मोटारीचं काम माझ्या मित्राला पहिल्याच फटक्यात जमलं, त्या आनंदात त्याने ते बांधलं होतं. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात खुशीची नऊ मिनिटं होती असं मी आजही म्हणेन.

पुण्याला या संगीताचा एक मेळावा दरवर्षी भरायचा, आणि त्याआधी दोन महिने इंटरनेटवरच्या एका फोरमवर त्याची भांडणं चालायची. चार बँड मेळावा भरवणारे ठरवत. पाचवी जागा, दुपारी तीनची, उन्हातली, ती आम्हा रसिकांवर सोडलेली. प्रत्येकाने बँड सुचवायचा आणि का ते सांगायचं, ज्याच्यावर जास्त लोकांचं जमेल तो घ्यायचा. जमायचं कसलं? बेंगळुरूचा एक जण म्हणायचा कीबोर्ड आला की मेटल मेलं. मुंबईचा एक जण म्हणायचा कीबोर्डशिवाय प्रोग्रेसिव्ह होतच नाही. तिसऱ्याला गाणारा घशातून गुरगुरला नाही तर झोप येई. एका वर्षी दोन पुणेकर सात तारांच्या गिटारीवरून असे भांडले, की त्यांची आयुष्यभराची दोस्ती तुटली. त्या दोस्तीचं वय चार महिने असेल.

आणि या सगळ्यांत मी. वीज असेल तेव्हा नेटकॅफेत जायचो. तिथला इन्व्हर्टर वीस मिनिटांत मान टाकायचा, म्हणून लांबलचक मजकूर मी कचेरीतच रद्दी कागदाच्या पाठीवर लिहून न्यायचो आणि तिथे नुसता बडवायचो. फोरमवर मला मान होता. कोणत्या बँडच्या कोणत्या गाण्यात ठेका कुठे मोडतो हे मी मात्रेसकट सांगायचो. मी कुठे राहतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. विचारलंच तर ‘विदर्भ’ म्हणायचो.

त्या वर्षी मी आमच्या पोरांचं गाणं फोरमवर टाकलं. ते चढायला तीन दिवस आणि दोनदा गेलेली लाईन लागली.

पहिली प्रतिक्रिया आली, की ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात. दुसरी, की हे विहिरीत रेकॉर्ड केलंय का? तिसऱ्याने विचारलं, गाणारा आजारी आहे काय? नाचता येईना अंगण वाकडं हे वाजवणाऱ्यांबद्दल म्हणतात, इथे ऐकणाऱ्यांचंच अंगण वाकडं होतं. मी चिडलो. चिडलो की मी मुद्देसूद होतो. एकेकाला उत्तर दिलं. ड्रमचा आवाज सोडा, काय वाजवतोय ते ऐका म्हटलं. नवव्या पानावर मी सगळ्यात मोठा मजकूर लिहिला, त्या चव्वेचाळीस मात्रांवर. कुठून मोजायला लागा, कुठे लक्ष ठेवा, कुठे दोघं भेटतात. इतक्या प्रेमाने मी आयुष्यात कोणाबद्दल लिहिलेलं नाही. बायकोबद्दलही नाही, आणि हे तिला माहीत आहे.

त्यावर मुंबईवाल्याने एका ओळीत विचारलं, हे आहेत तरी कुठले?

आता कचेरीत मी काय टाईप करायचो ते सांगतो. ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि कशासाठी येतं ते देशाला पाठ झालं होतं. पाहुण्यांच्या दौऱ्याचे कार्यक्रम माझ्याकडे टायपिंगला यायचे. सकाळी अमुक गाव, अमुक घरी सांत्वनपर भेट, दुपारी विश्रामगृह, भोजन. गाडीतून उतरणारा पुढारी असो की कॅमेरावाला, पाय जमिनीला लागताच त्याचा चेहरा मऊ पडायचा. मग तुम्ही त्याला काहीही सांगा, तो मान हलवायचा. जिल्ह्याच्या नावात काय ताकद आहे हे मी दोन वर्षं रोज बघत होतो.

म्हणून मी मुंबईवाल्याला लिहिलं, ‘यवतमाळ जिल्ह्यातले. कापसाच्या मुलखातले.’ पहिलं वाक्य त्याच्या प्रश्नाचं उत्तर होतं. दुसरं मी मुद्दाम लिहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईन आली तेव्हा दहावं पान भरून अकरावं चालू होतं. अरे देवा. सलाम. टीव्हीवर बघवत नाही. यांना घेतलंच पाहिजे. पत्र्याचा डबा म्हणणाऱ्याने लिहिलं, की आता त्याला त्या आवाजातला खडबडीतपणा समजला, ती गिटार रडतेय. बेंगळुरूवाला तर म्हणाला, मधला तो भाग म्हणजे फाटलेली जमीन आहे. कोणीतरी मला थेट विचारलं, हे गाणं शेतकऱ्यांवरच आहे ना? मी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं म्हणजे होच असतं, एवढी कारकुनी मला येत होती. चौदाव्या पानावर एकमत झालं. त्या फोरमवर तसं ना आधी झालं होतं, ना नंतर झालं.

गोदामात जाऊन मी सांगितलं, निवड झाली. ड्रमवाला गाद्यांच्या ढिगावर चढून नाचला. बासवाला पहिल्यांदा मोठ्याने हसला. मित्र गिटारीवरची धूळ पुसत म्हणाला, “काय लिवलं बे लोकायनं? वाचून दाखव ना.”

मी म्हटलं, नेट बंद आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, इन्व्हर्टर गेला. चौथ्या दिवशी तो दुकान अर्धं उघडं टाकून माझ्याबरोबर कॅफेत आलाच. त्याचं इंग्रजी सावकाश. पडद्यावर बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्या पानापासून त्याने वाचायला घेतलं. डबा, विहीर, आजारी गाणारा, सगळं वाचलं. रागावला नाही. डब्याच्या ओळीवर “खरंच हाय” म्हणाला. नवव्या पानावर खूप वेळ थांबला. त्याने माझ्या गुडघ्यावर एकदा हात ठेवला. मग दहावं पान उघडलं. मी त्याच्या शेजारी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसलो होतो. चौदावं पान संपल्यावर तो परत दहाव्यावर गेला, काहीतरी सुटलं असेल म्हणून शोधत राहिला.

“नवव्या पानाच्या पुढं गान्यावर कोनी काईच नाई लिवलं,” तो म्हणाला.

“लिहिलंय ना. गिटार रडते म्हणतात.”

“ते गान्यावर हाय काय?” मग म्हणाला, “तू काहून लिवलं असं?”

“निवड व्हावी म्हणून.”

“झाली ना मंग.”

तो उठला. मला त्या क्षणी माफी मागता आली असती. पण मागितली असती तर जायचं की नाही हे ठरवावं लागलं असतं, आणि ठरवायला हातात होतं काय? ड्रमवाल्याने काकाकडून लग्नसराईत सुटी काढली होती, बासवाल्याच्या आईने शेजारीपाजारी चिवडा वाटला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दुकानाच्या दाराशी पोचल्यावर मित्र आपणहून म्हणाला, “जाऊ. निवड कशानंबी होवो. वाजवलं की तिथं तं ऐकतीन.”

तो त्या आशेवर गेला. मी तर शपथेवर सांगायला तयार होतो, की ऐकतील.

पुण्याला दुपारी तीनचं ऊन, समोर काळ्या टी-शर्टांची गर्दी. मी कठड्याला चिकटून पहिल्या रांगेत उभा. पोरं वर चढली, तारा जुळवल्या, ड्रमवाल्याने काड्या उचलल्या, आणि निवेदक माईकशी आला. त्याने जिल्ह्याचं नाव घेतलं. म्हणाला, वाजवण्याआधी आपण एक मिनिट शांत उभे राहू.

सगळं मैदान शांत झालं. खांद्यापर्यंत केस वाढवलेली, हातभर गोंदवलेली पोरं माना खाली घालून उभी राहिली. ढोंग नव्हतं ते. माझ्या शेजारचा मुलगा खरोखर डोळे पुसत होता. वाईट माणसं असती तर मला बरं वाटलं असतं, कोणावर तरी ओरडता आलं असतं. वर माझा मित्र गळ्यात गिटार घेऊन उभा होता. मान खाली घालावी की नाही, हे त्याला कळत नव्हतं. आपल्याच गाण्याआधी आपलंच सुतक पाळायचं कसं हे कोणाला शिकवलेलं असतं? शेवटी त्याने खाली बघत तारांवर हात झाकला, आवाज होऊ नये म्हणून.

मग ते वाजले. नऊ मिनिटं. गाणं संपायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या आणि संपल्यावर थांबेनात. तीनच्या उन्हातल्या बँडला अशा टाळ्या कोणी देत नाही. पोरं खाली उतरली तर लोक मिठ्या मारत होते. एका मुलीने मित्राचा हात दोन्ही हातांत धरून विचारलं, घरी शेती किती आहे? “मी मोटारी भरतो,” तो म्हणाला. तिने मान हलवली. चेहरा तोच, गाडीतून उतरणाऱ्यांचा.

परतताना दुसऱ्या दिवशी यवतमाळहून पांढरकवड्याच्या एस.टी.त बसलो. ड्रमवाला आणि बासवाला मागच्या बाकावर झोपून गेलेले. मित्र खिडकीशी, मी त्याच्या शेजारी. दुपारची वेळ, गाडी अर्धी रिकामी.

“कालचं कसं झालं?” त्याने विचारलं.

“एक नंबर. एवढ्या टाळ्या कोणाला पडल्या नाहीत.”

“टाळ्याचं नाई इचारून राह्यलो.” तो खिडकीबाहेरच बघत होता. “मधात मी चुकलो. समजलं तुले?”

“चुकलास? कुठे?”

“जानून चुकलो. अर्धी मात्रा सोडून देल्ली, अन् तसंच वाजवत राह्यलो. आमी भेटलोच नाई, शेवटलोक नाई भेटलो. याले इचार,” त्याने मागे झोपलेल्या ड्रमवाल्याकडे मान वळवली, “घाम फुटला होता याले. कोनाच्या तरी ध्यानात येते का, ते पाहून राह्यलतो मी.”

मी आठवायला लागलो. मधला भाग आठवेना. पहिल्या रांगेत होतो, मोजायला दोन्ही हात मोकळे होते, त्या चव्वेचाळीस मात्रा जगात मला जेवढ्या ठाऊक तेवढ्या कोणालाच नव्हत्या. आणि मी ती नऊच्या नऊ मिनिटं त्याच्याकडे बघत, शेजारच्या मुलासारखाच रडत उभा होतो.

“आवाज नीट येत नव्हता रे तिथे,” मी म्हटलं.

“हो,” तो म्हणाला, “तसंच असन.”