खाणीच्या शाळेतली ती दहा मिनिटं

आमच्या शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती, तेव्हा आताच्या मुख्याध्यापिका सिस्टरांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, तुम्ही इथल्याच विद्यार्थिनी, शिवाय मराठी शिकवता. शाळेचा इतिहास तुम्हीच लिहा. आठ-दहा पानं झाली तरी चालेल." मी हो म्हणाले. कामोठ्याला घरी पोचेपर्यंत मात्र नाही कळवावं असं वाटायला लागलं होतं. त्या इतिहासात एक दिवस असा होता की तो मला लिहायचा नव्हता.

शाळा दिघ्याच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी. आज तिथे चार मजली इमारत आहे, लिफ्टसुद्धा आहे. टेकडीवरच्या दगडखाणी कधीच्याच बंद झाल्या, खड्ड्यांत पाणी साठून हिरवं झालंय. माझ्या लहानपणी मात्र सगळी वस्ती खाणीवर जगायची. आमचे आईबाप सोलापूर, विजापूरकडून दगड फोडायला आले होते. बाप वर सुरुंगाची भोकं पाडायचा, आई खाली खडी भरायची, आणि मुलं आईच्या बाजूला बसून लहान हातोडीनं दगड बारीक करायची. अशा ठिकाणी दोन सिस्टर आल्या. हत्यारं ठेवायची पत्र्याची खोली त्यांनी ठेकेदाराकडून मागून घेतली आणि शाळा सुरू केली. सुरुवातीला मुलंच येईनात. मग दोघींतल्या मोठ्या सिस्टर खडीच्या ढिगाजवळच जाऊन बसायच्या आणि तिथेच पाटी काढायच्या. मुलाच्या हातातली हातोडी सुटली की त्याला धरून शाळेत आणायच्या. मी तशीच आले.

मोठ्या सिस्टर वसईच्या. उंच, आवाज खणखणीत, आमच्या डोक्यातली खडीची धूळ स्वतः धुऊन काढायच्या. त्यांचा एकच नियम कडक होता. शाळा बाराला सुटलीच पाहिजे. कारण साडेबाराला खाणीत सुरुंग उडायचे आणि मुलांची घरी जायची वाट खाणीच्या खालून होती. घंटा म्हणजे दोरीनं टांगलेला रुळाचा तुकडा. चौथीत गेल्यावर ती वाजवायचं काम माझ्याकडे आलं. सिस्टर मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात द्यायच्या. "दोन्ही काटे एकावर एक आले की वाजव."

घड्याळ हातात असण्याची ती ऐट मी आजही विसरलेले नाही. त्या दिवशी सिस्टर शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढे बसल्या होत्या. मी घड्याळ घेऊन मागच्या बाजूला गेले. पाण्याच्या पिंपापाशी दुसरीच्या मुली होत्या. त्यांच्या मनगटांवर एकेक करून घड्याळ बांधून दाखवण्यात मी रमले. पाहिलं तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. धावत जाऊन घंटा वाजवली. मुलं निघाली. आणि त्याच दिवशी खाणीवाल्यांनी वेळेआधीच सुरुंग उडवला. ना लाल झेंडा, ना शिट्टी.

रांगेतल्या मुलांना काही झालं नाही, ती अजून शाळेच्या कुंपणापाशीच होती. पण खाणीच्या तोंडाशी तिसरीतली एक मुलगी सापडली. आमच्याच गल्लीतली, माझी जिवाची मैत्रीण. तिच्या घोट्यावर दगड आला होता. रांग सोडून ती पुढे पळाली असणार, असं सगळे समजले. सिस्टरांनी तिला उचललं आणि खडीच्या डंपरमध्ये बसून दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण चाल कायमची वाकडी झाली. दुसऱ्या दिवशी सिस्टर वस्तीतल्या बायकांना घेऊन दगड भरडायच्या क्रशरसमोर जाऊन बसल्या. शाळेत माणूस पाठवून विचारल्याशिवाय सुरुंग उडवणार नाही, असं ठेकेदाराकडून कबूल करून घेतलं तेव्हाच उठल्या. दिवाळीनंतर त्यांची बदली झाली. वस्तीत सगळे म्हणाले, त्या पोरीच्या पायापायी सिस्टरांना घालवलं.

घंटेचं मी कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, पुढे नवऱ्यालाही नाही.

इतिहासासाठी कागद बघायला मी पुन्हा शाळेत गेले. सिस्टरांच्या घरी रोजच्या घडामोडी लिहायची एक वही असते. अशा जुन्या वह्यांचा गठ्ठा मुख्याध्यापिकांनी माझ्यापुढे ठेवला. तो दिवस सापडायला वेळ लागला नाही. अक्षर मोठ्या सिस्टरांचं होतं. अपघात, दवाखाना, डॉक्टर काय म्हणाले, सगळं होतं. खाली दोन ओळी: "घंटा दहा मिनिटं उशिरा झाली. घड्याळ माझं होतं, चूक माझी."

त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं आणि त्यांनी माझं नाव लिहिलं नव्हतं. मी वही मिटली आणि पाणी मागितलं.

घरी न जाता मी सरळ खाली दिघ्यात मैत्रिणीच्या दुकानात गेले. ती शिवणकाम करते. शाळेचे गणवेश तीच शिवते. लग्नं झाल्यावर आमचं भेटणं सणावारी, पण तिच्या दुकानात शिरताना मी दर वेळी आधी तिच्या पायाकडे बघायचे. त्या दिवशी मशीन चालू होतं.

"थोडा वेळ बंद कर ते. तुला सांगायचंय."

"मी ऐकते, तू बोल."

मी सांगितलं. घड्याळ, दुसरीच्या मुली, दहा मिनिटं, वहीतल्या ओळी. मधेच कधीतरी मशीन थांबलं होतं. तिनं कापड बाजूला सारलं. मग म्हणाली, "तू हे कधीपासून डोक्यात घेऊन बसलीस?"

"तेव्हापासून."

"अगं, मी तुझ्या घंटेला शाळेत नव्हतेच."

"म्हणजे?"

"मधल्या सुट्टीतच मी कुंपणाखालून पळाले होते. आईची भाकरी घरी राहिली होती, ती द्यायला खाणीवर गेले. येताना चिंचा दिसल्या म्हणून बसले तिथेच. तुझी घंटा मी तिथून ऐकली. दवाखान्यात सगळे म्हणाले शाळेतून येताना लागलं, तर मी पण तेच म्हटलं. शाळा बुडवली कळलं असतं तर आईनं दुसरा पाय मोडला असता. मग आई गेली, नंतर कुणी विचारलंच नाही."

मी स्टुलावर बसून रडायला लागले. ती आधी हसली, मग तिनंही डोळे पुसले, आणि नेहमीसारखी वैतागली. "आमी दोघीपण येड्या. पण सिस्टरचं काय? त्यांनी स्वतःवर घेतलंय ना ते. आहेत का त्या?"

होत्या. वसईला, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी. नंबर मी मुख्याध्यापिकांकडून फोनवर घेतला आणि तिथूनच लावला. तिकडच्या एका सिस्टरांनी फोन त्यांच्या कानाला धरला. आवाज बारीक झाला होता. मी कोण ते सांगितलं. लगेच ओळखलं त्यांनी. "घंटेवाली," म्हणाल्या.

मैत्रिणीनं फोन माझ्या हातून घेतला आणि भाकरी, कुंपण, चिंचा, सगळं धडाधडा सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "सिस्टर, मी खोटं बोलले. माफ करा."

तिनं फोन स्पीकरवर टाकला. मग त्या म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत?"

"हो."

"म्हणजे घंटा वेळेवर झाली असती तरी…"

"तरी मी चिंचाच खात असते, सिस्टर."

"देवा," त्या म्हणाल्या. "त्यानंतर दुसऱ्या कुणाच्या हातात घड्याळ द्यायला माझं मन कधी धजलं नाही. चाळीस मुलींचं वसतिगृह सांभाळलं, पण घंटा मीच वाजवायचे."

मी भीत भीत बदलीचं विचारलं. "छे गं. माझी आई अंथरुणाला खिळली होती. वसईजवळची शाळा मीच मागून घेतली. मला काढून टाकलं म्हणून कुणी सांगितलं तुला?" मग त्यांनी मैत्रिणीला पाय थंडीत दुखतो का ते विचारलं, मला मुलं किती ते विचारलं, आणि थकून फोन ठेवला.

इतिहास मी त्याच आठवड्यात लिहून काढला. घंटेची दहा मिनिटं माझ्या नावावर लिहिली, आणि मैत्रिणीला वाचून दाखवून तिच्या परवानगीनं कुंपणही लिहिलं. मुख्याध्यापिकांनी सगळं शांतपणे वाचलं. "हे असंच ठेवायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठेवा. त्यांनी फक्त एके ठिकाणची वेलांटी दुरुस्त केली.

कार्यक्रमाला मोठ्या सिस्टर येऊ शकल्या नाहीत. त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघीच छापील पुस्तिका घेऊन वसईला गेलो. डोळ्यांनी वाचवत नव्हतं म्हणून मैत्रिणीनं त्यांना वाचून दाखवलं. ती मोठ्यानं, अडखळत वाचत होती आणि सिस्टर तिचे उच्चार सुधारत होत्या.