अकरा टेबलांची पंगत

आमच्या घरात टेबलं कमी नाहीत, पण ज्या कामासाठी आणलं त्या कामाला एकही धड लागलेलं नाही. अभ्यासाच्या टेबलावर लोणच्याच्या बरण्या आहेत, कारण तिथे ऊन येतं. शिलाई मशीनच्या टेबलावर नवऱ्याचा लॅपटॉप असतो. इस्त्रीचं टेबल मी मोठ्या हौसेने घेतलं, त्यावर आता तुळशीची कुंडी आहे, आणि इस्त्री होते ती जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर. उरलेल्या अर्ध्यावर आम्ही तिघं जेवतो, मी, नवरा आणि लेक. चौथं माणूस घरात आहे, ते म्हणजे माझे बाबा. ते त्यांच्या खोलीत जेवायचे, दार लोटून.

बाबा पूर्वी असे नव्हते हो! पुण्याहून बदली होऊन भोपाळच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले, आणि निवृत्त होईपर्यंत उतरत्या टेबलापुढे उभं राहून त्यांनी यंत्रांचे नकाशे काढले. क्वार्टरमध्ये आमच्याकडे रोज कुणीतरी जेवायला असायचं. बाबांना एकट्याने घास गिळवायचा नाही. आई असेपर्यंत हे चाललं. आई गेली, बाबा आमच्याकडे कोलार रोडला राहायला आले, आणि वर्षभराने त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, औषधाने थोडं कमी होईल. थोडं म्हणजे अगदी थोडंच झालं. एकदा नवऱ्याच्या साहेबांसमोर त्यांच्या हातून वरणाची वाटी कलंडली, साहेबांनी टिश्यू पेपर पुढे केला. त्या दिवसापासून बाबांनी खोलीतल्या औषधांच्या टेबलावर जेवायला सुरुवात केली. मी भांडले, रडले, जेवणार नाही म्हणाले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "तू जेव गं. माझं मला बरं पडतं." शेवटी मी हात टेकले. दीड वर्ष मी रोज दोन वेळा ते ताट घेऊन त्या खोलीत गेले, आणि रोज दोन वेळा मला वाईट वाटलं.

मग लेकीचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, हिंदी बोलणारा, महाराणा प्रताप नगरमध्ये एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आता केळवणाचा प्रश्न आला. नातेवाईकांनी बोलवायचं आणि नवरीला जेवू घालायचं, ही आपली रीत. पण आमचे नातेवाईक सगळे पुण्याकडे, भोपाळात केळवण करणार कोण? मी म्हटलं, आपणच करू, आणि मुलाकडच्यांनाही बोलावू, त्यांनाही कळू दे केळवण काय असतं ते.

"बुफे ठेव," बाबा लगेच म्हणाले. "सुटसुटीत."

मी काय ते समजले. बुफेत कोण जेवलं, कोण नाही, कुणाला कळत नाही. बाबा हातात रिकामी बशी घेऊन हसत हिंडले असते आणि मागाहून खोलीत जेवले असते. माझ्या नाकावर राग असतोच, तो तिथे चढला. म्हटलं, "बुफे नाही. पंगत! केळीची पानं, वाढपी, आग्रह, सगळं. आणि तुम्ही पंगतीत बसायचंय."

"जमिनीवर? गुडघ्यांचं काय माझ्या?"

"टेबलावर."

"इतकी टेबलं आहेत कुठे?"

टेबलं होती. बिल्डिंगमध्ये प्रत्येकाच्या घरी होती, फक्त आमच्यासारखीच भलत्या कामाला लागलेली. कुणाच्या टेबलावर फिशटँक, कुणाच्यावर देव, एका घरी तर जेवणाचं सहा माणसांचं टेबल बाल्कनीत, त्याच्यावर कबुतरांची वस्ती. दोन दिवस मी घरोघर मागत फिरले आणि अकरा टेबलांचं वचन घेऊन आले. खालच्या पार्किंगमध्ये भिंतीला लावून एक लांबलचक ओळ करायची, असं मी चहा पिता पिता नवऱ्याला सांगत होते. बाबा दारात उभे होते.

"भिंतीकडे तोंड करून जेवणार बावीस माणसं?" ते म्हणाले. "केळवण आहे की शिक्षा?"

नवरा फस्सकन हसला. मीही हसले, कारण बाबा हसत होते, आणि ते बघून किती दिवस झाले होते! ते आत आले, खुर्ची ओढली आणि सांगायला लागले. पंगत म्हणजे समोरासमोर दोन ओळी, मध्ये वाढप्याला चालायची वाट. वाढपी समोरून येतो, पाठीमागून खांद्यावरून वाढतात ते हॉटेलात. आणि अकरा टेबलांची उंची अकरा तऱ्हेची असणार, ती सारखी केल्याशिवाय पंगत दिसायची कशी? त्यांनी नवऱ्याला मेजरिंग टेप दिला. म्हणाले, "प्रत्येकाच्या घरी जा, जमिनीपासून वरच्या फळीपर्यंत मोजून आण. अंदाजे सांगू नकोस."

जावई माणूस, सासऱ्याचा हुकूम! नवरा तीन मजले वरखाली करून सगळी मापं घेऊन आला. बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढला. हात थरथरत होता, म्हणून पट्टी लेकीने धरली आणि त्यांनी पेन्सिल पट्टीला टेकवून ओढली. रेघ सरळ आली. कुठल्या टेबलाच्या पायाखाली एक वीट, कुठल्याखाली दोन, कुठल्याखाली होणाऱ्या जावयाच्या फिजिक्सची जाडी पुस्तकं, सगळं लिहिलं. दोन दिवस ते खोलीच्या बाहेर आले ते "वीट आली का?" विचारायलाच. जेवायला मात्र आत.

नकाशा पूर्ण झाला तेव्हा मी कौतुकाने पाहिला. प्रत्येक पानाला एक गोल आणि गोलात माणसाचं पहिलं अक्षर. मी वाढायला, नवरा वाढायला, आम्ही दोघं पंगतीत नाहीच. मी गोल मोजले. एकवीस. पुन्हा मोजले. एकवीसच.

"बाबा, तुमचं पान कुठाय?"

"मी देखरेखीला," ते म्हणाले. "इतक्या मोठ्या पंगतीला कुणीतरी लागतं उभं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी पेन्सिल घेतली, लेकीच्या शेजारी बाविसावा गोल काढला, वाकडातिकडा, आणि त्यात ठळक 'बा' लिहिलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि नुसतं म्हणाले, "गोल तरी नीट काढायचा होता." 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमधल्या गाड्या रस्त्यावर गेल्या आणि टेबलं खाली आली. देवाचं टेबल, कबुतरांचं टेबल, माझं शिलाईचं टेबल, ब्यूटी पार्लरवालीचं आरशाशिवायचं टेबल. जवाहर चौकातून आणलेलं फुलाफुलांचं प्लास्टिक सगळ्यांवर एकसलग अंथरलं आणि काय सांगू, लग्नाचा मांडव झाला नुसता! विटा, पुस्तकं, सगळं नकाशाबरहुकूम. वरच्या फळ्या एका रेषेत. रांगोळ्या, उदबत्त्या, पानं मांडली. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूला, बटाट्याची भाजी, अळूची भाजी उजवीकडे, मध्ये मसालेभात, एका टोकाला पुऱ्या आणि वाटीत बासुंदी. पाहुणे येऊन बसले. लेकीच्या एका बाजूला होणारा नवरा, दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी, तिच्या पलीकडे व्याही, पांढऱ्या स्वच्छ कुर्त्यात, एवढे मोठे की खुर्ची दिसत नव्हती.

बाबा लिफ्टपाशी उभे. हात मागे बांधलेले.

"बाबा, या."

"तुम्ही सुरू करा. मी बघतो."

मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात माझी लेक बसल्या जागेवरून म्हणाली, "हमारे यहाँ पंगत में जब तक सबसे बड़े नहीं बैठते, कोई हाथ नहीं लगाता." एकवीस जणांनी हात मांडीवर ठेवले. मसालेभाताची वाफ जायला लागली. पुऱ्या बसायला लागल्या. व्याही बासुंदीकडे बघत होते आणि शेवटी राहवेना त्यांना. हात जोडून म्हणाले, "बाबूजी, रहम कीजिए, सुबह से सिर्फ़ चाय पी है!"

पाहुणा उपाशी! बाबांना दुसरं काहीही चाललं असतं, हे कसं चालणार? ते आले. बसले. हात टेबलाखाली.

मी पळत जाऊन वरणभात वाढला, वर तूप, मग आमटी. सगळ्यांना आमटी. सगळे जेवू लागले. बाबांनीही एक घास उचलला आणि हात थरथरला. शितं उडाली, आमटीचे थेंब उडाले, थेट व्याह्यांच्या पांढऱ्या बाहीवर. बाबांनी हात झटकन मागे घेतला. मी आमटीचं भांडं घेऊन समोर उभी. आता ते उठणार आणि पुन्हा कधीच कुणासमोर बसणार नाहीत, एवढंच डोक्यात.

व्याही बाहीकडे बघतच नव्हते. ते स्वतःच्या पानाकडे बघत होते, अगदी ओशाळून. "माफ़ कीजिए बाबूजी," ते म्हणाले, "मेरी दाल आपके यहाँ जा रही है."

खरंच जात होती! त्यांची आमटी त्यांच्या पानावरून निघून, प्लास्टिकवरून, बाबांच्या पानात शिरली होती. बाबांची लेकीच्या पानात. लेकीची जावयाच्या. ओळीच्या शेवटी ब्यूटी पार्लरवाली ओरडली, "अरे, मुझे कितनी परोसोगे?" तिच्या पानात सगळ्या ओळीच्या आमटीचं तळं झालं होतं. समोरच्या ओळीतही तेच. बाबांनी वाकून टेबलाखाली पाहिलं, मग जमिनीकडे, मग लांब कोपऱ्यातल्या नाल्याच्या जाळीकडे.

"उतार!" ते मोठ्याने ओरडले. "पार्किंगला पाण्याचा उतार असतो! मी टेबलं मोजली, फरशी मोजलीच नाही. जन्म गेला माझा उतरत्या टेबलावर आणि मी उतारच विसरलो!" आणि ते हसायला लागले, अगदी खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बावीस जण हसत होते. व्याह्यांच्या मांडीवर आमटी, विहीणबाईंच्या साडीवर आमटी. कुणाच्या अंगावर काय सांडलं हे आता कोण बघतंय!

मग बाबा व्याह्यांना शिकवायला बसले. भाताचा बांध कसा घालायचा, आधी उताराच्या बाजूला, मग आमटी, मग घास. थरथरत्या हाताने त्यांनी व्याह्यांच्या पानात बांध घातला. तो वाकडा झाला, फुटला, त्यांनी पुन्हा घातला. "और चावल दीजिए, बाँध टूट रहा है," व्याही म्हणत होते आणि मी वाढत होते. बाबांनीही भात घेतला. दोनदा! आग्रह न करता! बासुंदीची वाटी त्यांनी दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावली, थोडी हनुवटीवर ओघळली, तशीच पुसली आणि व्याह्यांना सांगत राहिले की आमच्या क्वार्टरमध्ये एकदा काय झालं होतं. मी आमटीचं रिकामं भांडं घेऊन जिन्यात गेले आणि पोटभर रडले. आनंदाने रडले, लाज कसली सांगायला.

दुसऱ्या दिवशी टेबलं आपापल्या घरी गेली, मासे टँकसकट जागेवर आले आणि कबुतरांना त्यांचं घर परत मिळालं. मी दमून गेले होते. दुपारी सवयीने बाबांचं ताट वाढलं, आमटीची वाटी अर्धीच भरली, आणि उचलून त्यांच्या खोलीकडे निघाले.

"अगं, ताट घेऊन तिकडे कुठे चाललीस?" मागून आवाज आला. "मी इथे बसलोय."